विरुधुनगरचे कामराज : प्रस्तावना

के. कामराज हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडते ते बहुतेक वेळा दिल्लीच्या संदर्भात. ऑगस्ट १९६३ मधली ‘कामराज योजना’, जिच्यामुळे सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री एकाच वेळी पायउतार झाले. मे १९६४ मध्ये नेहरूंच्या निधनानंतर लालबहादूर शास्त्रींच्या नावावर त्यांनी घडवून आणलेले एकमत. आणि जानेवारी १९६६ मध्ये, शास्त्री ताश्कंदला वारल्यावर, मोरारजी देसाईंच्या विरोधात इंदिरा गांधींच्या पाठीशी उभे केलेले बहुमत. स्वतः पंतप्रधान न होता दोन पंतप्रधान करणारा माणूस, एवढ्यावर त्यांची ओळख आटोपते. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे, आणि मला ती अन्यायाची वाटते. दिल्लीत कामराजांच्या शब्दाला वजन होते ती वर्षे जेमतेम चार. त्याआधी १९४० पासून तेवीस वर्षे हा माणूस एका प्रांतात पाय रोवून उभा होता. आधी प्रदेश काँग्रेसचा अध्यक्ष म्हणून, मग साडेनऊ वर्षे मद्रास राज्याचा मुख्यमंत्री म्हणून.

हे पुस्तक मुख्यतः त्या तेवीस वर्षांचे आहे. १९४७ नंतर दिल्लीत घटना लिहिली गेली, पंचवार्षिक योजना आखल्या गेल्या, परराष्ट्र धोरण ठरले. परंतु शाळा उघडायची ती खेड्यात, कालवा काढायचा तो तालुक्यात, आणि स्वातंत्र्य आले म्हणजे आपल्या आयुष्यात काय बदलले हा प्रश्न विचारला जायचा तोही तिथेच. त्या प्रश्नाला तोंड द्यायचे काम प्रांतांच्या पुढाऱ्यांच्या वाट्याला आले. त्यांतल्या अनेकांना इंग्रजी भाषण जमत नव्हते, विलायतेची पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि ग्रंथही त्यांच्या नावावर नाहीत. म्हणून आपल्या इतिहासलेखनात ते कडेला राहिले. कामराजांचे आयुष्य विरुधुनगरहून पाहिले की ही कडा मध्यभागी येते, असे माझे म्हणणे आहे.

विरुधुनगर, तेव्हाचे विरुदुपट्टी, हे मदुराईच्या दक्षिणेला कोरडवाहू मुलखातले व्यापारी गाव. तिथे १५ जुलै १९०३ रोजी कामराजांचा जन्म झाला. त्यांची जात नाडार. या जातीचा इतिहास थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण त्यावाचून पुढचे बरेचसे कळणार नाही. ताडाच्या झाडावर चढून रस काढणे आणि त्याचा गूळ करणे हा या समाजातल्या बहुसंख्यांचा पिढीजात धंदा. देवळात त्यांना प्रवेश नव्हता. दक्षिण त्रावणकोरात याच समाजातल्या स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले आणि १८५९ मध्ये तो हक्क पदरात पडला. १८९९ मध्ये शिवकाशीच्या नाडार वस्तीवर मोठा हल्ला झाला. कमुदीच्या देवळात शिरल्याबद्दल नाडारांवर झालेला दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९०८ मध्ये ते तो हरले. कामराज त्या वेळी पाच वर्षांचे होते.

परंतु रामनाडच्या गावांतले नाडार एव्हाना व्यापारात उतरले होते. कापूस, मिरची, तंबाखू यांच्या पेठा त्यांच्या हातात आल्या होत्या. सरकार आणि वरच्या जाती जे देत नव्हत्या ते त्यांनी स्वतः उभे करायला घेतले. प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या उलाढालीवर समाजाच्या निधीसाठी ठरावीक पट्टी द्यायची. तिला ‘महिमै’ म्हणत. त्या पैशातून विहिरी झाल्या, देवळे झाली आणि शाळाही झाल्या. विरुदुपट्टीच्या क्षत्रिय विद्याशाळेसाठी घरोघरच्या बायका रोजच्या शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढून ठेवत. मराठी वाचकाला इथे लगेच कर्मवीर भाऊराव पाटील आठवतील. रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड हीच गोष्ट. सातारा आणि विरुदुपट्टी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण ज्यांना शाळेचे दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होते त्यांनी दोन्हीकडे मूठभर धान्यातूनच शाळा उभ्या केल्या. कामराज अशा शाळेत शिकले. पुढे मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी काय केले, त्याचे बीज मला या मुठीत दिसते.

शिकले म्हणजे फार शिकले नाहीत. ते सहा वर्षांचे असताना वडील कुमारस्वामी वारले. आई शिवकामी अम्मा यांनी घर कसेबसे चालवले. सहावीच्या आसपास शाळा सुटली आणि मुलगा मामाच्या कापडदुकानात बसू लागला. जालियनवाला बागेच्या बातमीने तो सभांना जाऊ लागला आणि थोड्याच दिवसांत काँग्रेसचा पूर्णवेळ कार्यकर्ता झाला. घरच्यांनी लग्नाचा विचार केला, दुकान बदलून पाहिले, दुसऱ्या गावी पाठवून पाहिले. काही उपयोग झाला नाही. लग्न त्यांनी शेवटपर्यंत केले नाही. वैकोमच्या सत्याग्रहात ते होते, १९३० च्या वेदारण्यमच्या मीठ सत्याग्रहात तुरुंगात गेले, १९३३ मध्ये बाँबच्या एका खटल्यात गोवले गेले आणि निर्दोष सुटले. १९३७ मध्ये सात्तूर मतदारसंघातून बिनविरोध आमदार झाले.

एक नाडार तरुण काँग्रेसमध्ये का गेला, हा प्रश्न साधा नाही. त्या काळी मद्रासमध्ये ब्राह्मणेतरांचा पक्ष होता तो जस्टिस पार्टी. काँग्रेसच्या वरच्या फळीत ब्राह्मण वकिलांचा भरणा होता. पेरियार रामस्वामी याच कारणावरून १९२५ मध्ये काँग्रेस सोडून बाहेर पडले. महाराष्ट्रातही हा पेच होता. केशवराव जेधे आणि त्यांच्या बरोबरचे ब्राह्मणेतर कार्यकर्ते १९३० च्या सुमारास काँग्रेसमध्ये आले आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्यांनी इथल्या काँग्रेसचा चेहरामोहरा पालटला. कामराजांनी तमिळ मुलखात हेच केले, पण वेगळ्या वाटेने. त्यांनी पक्षात कधी जातीच्या नावाने गट बांधला नाही. गावोगाव हिंडत त्यांनी कार्यकर्ते जोडले. कुठल्या तालुक्यात कोणाचे कोणाशी पटत नाही, कुठल्या गावाला पाणी नाही, कोणत्या पेठेत कोणाचा शब्द चालतो, हे त्यांना तोंडपाठ होते. वही नव्हती, चिटणीस नव्हता. ही माहिती म्हणजेच त्यांचे भांडवल.

त्यांचे राजकीय गुरू एस. सत्यमूर्ती हे ब्राह्मण होते, उत्तम वक्ते होते आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, यांचे प्रतिस्पर्धी होते. १९३६ मध्ये सत्यमूर्ती तमिळनाड काँग्रेसचे अध्यक्ष आणि कामराज चिटणीस. १९४० मध्ये याच्या उलटे झाले. राजाजींच्या गटाच्या उमेदवाराला अवघ्या तीन मतांनी हरवून कामराज अध्यक्ष झाले, आणि सत्यमूर्ती त्यांच्या हाताखाली चिटणीस म्हणून आनंदाने काम करू लागले. भारतीय राजकारणात गुरूने शिष्याला अशी जागा करून दिल्याची उदाहरणे शोधावी लागतील.

पुढच्या एका घटनेचा धागा आपल्या विदर्भाशी जुळतो. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गोवालिया टँकवरचे अधिवेशन आटोपून कामराज रेल्वेने परतत होते. मद्रासला पोलीस वाट पाहत असणार हे ओळखून ते अलीकडेच, अरक्कोणमला, उतरले. तिथून त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कार्यकर्त्यांना कामे नेमून दिली. ते संपल्यावर विरुधुनगरला घरी गेले आणि मी आलो आहे असा निरोप स्वतःच पोलिसांना धाडला. कामाचा असा पक्का हिशेब हा त्यांच्या स्वभावाचा भाग होता. पुढे त्यांना अमरावतीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तिथे त्या काळात टी. प्रकाशम होते, सत्यमूर्ती होते, व्ही. व्ही. गिरी होते, नीलम संजीव रेड्डी होते. एका तुरुंगात पुढचे दोन राष्ट्रपती आणि तीन मुख्यमंत्री! रेड्डींशी जुळलेले नाते पुढे दिल्लीतही टिकले. सत्यमूर्तींना मात्र अमरावतीच्या प्रवासात पाठीच्या कण्याला दुखापत झाली. ती बरी झाली नाही आणि २८ मार्च १९४३ रोजी ते मद्रासच्या इस्पितळात वारले. कामराज तेव्हा तुरुंगातच होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांनी सत्यमूर्तींच्या घरी जाऊन तिरंगा फडकवला.

स्वातंत्र्यानंतरची पहिली सात वर्षे कामराज सरकारात नव्हते, पण सरकारे त्यांच्या संमतीने येत-जात होती. १९४६ मध्ये गांधीजींनी मद्रास काँग्रेसमधल्या गटबाजीवर लेखणी चालवली तेव्हा तो रोख आपल्यावर आहे असे मानून त्यांनी पक्षाच्या संसदीय मंडळाचा राजीनामा दिला. तो त्यांना खोल लागलेला घाव होता. अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडेच राहिले. मुख्यमंत्रिपदावरून प्रकाशम गेले, ओमंदूर रामस्वामी रेड्डियार आले, ते गेले आणि कुमारस्वामी राजा आले. या काळातल्या कामराजांबद्दल मला पूर्ण आदर वाटत नाही. पडद्याआडून मुख्यमंत्री बदलण्याची सवय कोणत्याही पक्षाला चांगली नाही, आणि १९५२ च्या निवडणुकीत मतदारांनी त्याची किंमत वसूल केली. ३७५ जागांपैकी काँग्रेसला १५२ मिळाल्या. बहुमत हुकले. सरकार वाचवायला राजाजींना पाचारण करावे लागले, ज्यांच्याशी कामराजांचे बारा वर्षे पटले नव्हते.

राजाजींनी कारभाराची घडी बसवली, यात वाद नाही. परंतु १९५३ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. खेड्यातल्या मुलांनी दिवसाचा काही भाग शाळेत शिकायचे आणि उरलेला वेळ घरच्या व्यवसायात वडिलांच्या हाताखाली घालवायचा. वर्ग दोन पाळ्यांत भरले की तेवढ्याच शाळांत अधिक मुले मावतील, असा हिशेब त्यामागे होता. कागदावर तो बरोबर होता. पण ज्या देशात वडिलांचा व्यवसाय जन्माने ठरतो तिथे मुलाला सरकारनेच त्या व्यवसायाकडे परत पाठवायचे म्हणजे काय, हे लोकांना तत्काळ कळले. ‘कुलक्कल्वी तिट्टम’, कुळाच्या धंद्याच्या शिक्षणाची योजना, असे नाव तिला विरोधकांनी दिले आणि ते चिकटले. ज्या समाजातल्या बापांना ताडावर चढावे लागत होते, त्या समाजातून आलेल्या कामराजांना या योजनेत काय दिसले असेल हे सांगायला नको.

मार्च १९५४ मध्ये राजाजी बाजूला झाले. विधिमंडळ पक्षाच्या नेत्याची निवड झाली तेव्हा राजाजींच्या बाजूचे सी. सुब्रह्मण्यम यांना ४१ आणि कामराजांना ९३ मते पडली. १३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळ केवळ आठ जणांचे. त्यात सुब्रह्मण्यम होते आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार करणारे एम. भक्तवत्सलमही होते. शिक्षण आणि अर्थ ही दोन्ही खाती सुब्रह्मण्यम यांच्याकडे, म्हणजे राजाजींची शिक्षण योजना रद्द करण्याची घोषणा करण्याचे काम राजाजींच्याच माणसाकडे! महिन्याभरात ती रद्द झाली. याला कोणी चातुर्य म्हणेल, आणि ते त्यात आहेच. पण त्याहून अधिक आहे ती एक समज : हरलेल्या गटाला सत्तेबाहेर ठेवले तर तो पक्ष फोडतो, आणि त्या गटातला सर्वांत हुशार माणूस कामाला लावला तर राज्याचा फायदा होतो. पुढे केंद्रात शेतीमंत्री म्हणून हरित क्रांतीचा पाया घालणारे हेच सुब्रह्मण्यम. दलित समाजाचे बी. परमेश्वरन यांच्याकडे कामराजांनी देवस्थानांचे खाते दिले. कमुदीच्या खटल्याची आठवण ज्या मुलखात ताजी होती, तिथे देवळांचा कारभार एका दलित मंत्र्याच्या सहीने चालू लागला. या एका नेमणुकीवर या पुस्तकात पूर्ण प्रकरण असायला हवे होते असे मला वाटते. त्याला मिळाली आहेत ती थोडीच पाने.

आता शाळा. कामराजांच्या कारकिर्दीचा गाभा हाच. वाड्या-वस्त्यांतल्या मुलांना पायी जाता येईल इतक्या अंतरावर प्राथमिक शाळा, असे धोरण ठरले. शिक्षण खात्याचे संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांना त्यांनी मोकळा हात दिला, आणि या दोघांची जोडी हा त्या काळच्या कारभाराचा उत्तम नमुना आहे. मुख्यमंत्र्याला गाव माहीत, संचालकाला खाते माहीत, आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास. ठिकठिकाणी शाळा सुधारणा परिषदा भरवल्या गेल्या. गावकऱ्यांनी शाळेला काय हवे ते मांडायचे आणि ज्याला जे जमेल ते द्यायचे : कोणी जागा, कोणी बाके, कोणी गणवेशाचे कापड. महिमैची पट्टी आणि तांदळाची मूठ यांनी वाढलेल्या माणसाला ही पद्धत नवी नव्हती. त्याने ती एका जातीच्या पेठेतून उचलून सगळ्या राज्याला लावली.

शाळा उघडल्या तरी मुले येत नव्हती. कारण साधे होते, दुपारी खायचे काय? शेतावर किंवा गुरांमागे गेले तर काहीतरी पोटात पडे. शाळेत बसले तर उपाशी. म्हणून दुपारचे जेवण. ही कल्पना मुळात कामराजांची नव्हे. मद्रास महापालिकेने १९२० च्या सुमारास जस्टिस पार्टीच्या काळात शहरातल्या काही शाळांत ती करून पाहिली होती. राज्यभर ती नेण्याचा आग्रह कामराजांचा. तिजोरीत पैसा नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले, म्हणून सुरुवात लोकांच्या वर्गणीतून झाली आणि सरकारी अनुदान मागाहून आले. १९५६ मध्ये कवी सुब्रह्मण्य भारती यांच्या जन्मगावी, एट्टयपुरमला, या योजनेचा आरंभ झाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अकरावीपर्यंतचे शिक्षणही मोफत झाले. तेव्हाच्या मुंबई राज्यात साधारण याच काळात, १९५९ मध्ये, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने गरीब पालकांच्या मुलांना फी माफ केली होती. दोन राज्यांतल्या दोन काँग्रेस पुढाऱ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचत होती, आणि दोघेही शेतकरी-कष्टकरी समाजांतून वर आले होते, हा योगायोग नव्हे.

आज महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी खिचडी शिजते. तिथपर्यंतचा रस्ता लांब आहे. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तामिळनाडूत ही योजना मोठ्या प्रमाणावर वाढवली, १९९५ मध्ये केंद्राने देशव्यापी कार्यक्रम आखला पण पुष्कळ ठिकाणी कोरडे धान्यच वाटले गेले, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला. त्या रस्त्याच्या आरंभी एट्टयपुरमची ती पंगत आहे. दिल्लीतल्या पंतप्रधानांच्या निवडीपेक्षा मला ही पंगत कितीतरी मोठी वाटते.

धरणे आणि कारखाने यांच्याबद्दल पुस्तकात तपशील पुष्कळ आहे, म्हणून इथे थोडक्यात. लोअर भवानी, वैगई, सातनूर, कृष्णगिरी ही धरणे, नेयवेलीचा लिग्नाइट प्रकल्प, पेरांबूरचा रेल्वे डबे बांधण्याचा कारखाना, तिरुचिरापल्लीचा अवजड विद्युत उपकरणांचा कारखाना, गिंडीची औद्योगिक वसाहत हे सगळे त्या दशकातले. काही केंद्राचे, काही राज्याचे. उद्योगमंत्री आर. वेंकटरामन, पुढे तेही राष्ट्रपती झाले. केंद्राचा प्रकल्प आपल्या राज्यात यावा यासाठी जमीन, पाणी आणि वीज यांची तयारी आधीच करून ठेवायची, ही या सरकारची रीत होती.

उणिवा मात्र थोडक्यात आटोपता येत नाहीत. १९५६ मध्ये शंकरलिंगनार नावाच्या जुन्या गांधीवाद्याने मद्रास राज्याचे नाव तामिळनाडू करावे या आणि इतर मागण्यांसाठी उपोषण केले. ते बसले होते कामराजांच्या गावी, विरुधुनगरला. अडीच महिने उपवास झाला. सरकार हलले नाही आणि १३ ऑक्टोबरला ते मरण पावले. चार वर्षांपूर्वी पोट्टी श्रीरामुलूंच्या उपोषणातल्या मरणाने आंध्र राज्य झाले होते. उपोषणापुढे एकदा झुकले की रोज झुकावे लागेल असा युक्तिवाद करता येतो. पण राज्याच्या नावाची मागणी ही काही राज्य फोडणारी मागणी नव्हती. ती मान्य केली असती तर काही बिघडले नसते, आणि तमिळ अभिमानाचा झेंडा एकट्या द्रमुकच्या, म्हणजे अण्णादुराईंच्या द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षाच्या, हाती गेला नसता. ते नाव अखेर १९६९ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने दिले.

दुसरी गोष्ट १९५७ ची. मुदुकुलत्तूर भागात मरवर जातीचे लोक आणि दलित यांच्यात दंगली पेटल्या. शांतता बैठकीनंतर दुसऱ्याच दिवशी दलित पुढारी इमॅन्युएल शेखरन यांचा खून झाला. पोलिसांनी कीळत्तूवल गावात गोळ्या घालून पाच मरवरांना मारले. मरवरांचे पुढारी मुत्तुरामलिंग तेवर यांना अटक झाली, पुढे ते निर्दोष सुटले. सरकारने दलितांच्या बाजूने ठाम उभे राहायला हवे होते, आणि काही अंशी ते राहिलेही. पण त्या गोळीबाराचे समर्थन करणे मला शक्य नाही. तिसरी गोष्ट जमिनीची. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा तीस प्रमाण एकरांचा होता, आणि त्यात सवलती इतक्या ठेवल्या की तंजावरच्या मोठ्या जमीनदारांना फारशी झळ लागली नाही. शाळेच्या बाबतीत कामराज कोणापुढे झुकले नाहीत. जमिनीच्या बाबतीत त्यांचा पक्ष ज्यांच्या पाठिंब्यावर उभा होता त्यांना दुखवणे त्यांना जमले नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतले पैसेवाले, बसगाड्यांचे मालक, गिरणीवाले, मोठे शेतकरी यांना सांभाळूनच ती काँग्रेस चालत होती. ज्या कौशल्याने शाळा झाल्या त्याच कौशल्याची ही दुसरी बाजू आहे, आणि त्या दोन्ही एकत्रच पाहिल्या पाहिजेत.

१९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २०६ पैकी १३९ जागा मिळाल्या, पण द्रमुक १५ वरून ५० वर गेला. धोका कामराजांना दिसत होता. पक्ष सत्तेत सुस्तावला आहे, ज्येष्ठांनी पदे सोडून संघटनेत यावे, ही त्यांची सूचना त्यातून आली. नेहरूंनी ती उचलली आणि देशभर लागू केली. मोरारजी देसाई, जगजीवनराम, शास्त्री यांच्याबरोबर मुंबईचे स. का. पाटीलही मंत्रिमंडळाबाहेर पडले. २ ऑक्टोबर १९६३ रोजी कामराजांनी मुख्यमंत्रिपद सोडले, ते पक्षाध्यक्ष झाले, आणि जानेवारी १९६४ च्या भुवनेश्वर अधिवेशनात नेहरू आजारी पडले. त्यानंतर जे घडले ते सर्वांना माहीत आहे.

मला मात्र वाटते की ही त्यांची सर्वांत मोठी चूक होती. मद्रासमध्ये ते होते तोवर द्रमुकच्या सभांतल्या लाखमोलाच्या वक्तृत्वाला उत्तर म्हणून गावातली शाळा आणि तिथला माणूस दाखवता येत होता. ते गेले आणि भक्तवत्सलम मुख्यमंत्री झाले. जानेवारी १९६५ मध्ये हिंदी राजभाषा होण्याच्या दिवशी विद्यार्थ्यांचे आंदोलन भडकले. गोळीबार झाले, तरुणांनी स्वतःला जाळून घेतले. त्यावर तांदळाची टंचाई आली. गावोगावच्या नाडीचा ठोका ओळखणारा माणूस त्या वेळी दिल्लीत दुसऱ्यांच्या भांडणांत मध्यस्थी करत होता. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा तर अध्यक्ष म्हणून त्यांचा सल्लाही मोलाचा मानला गेला नाही.

१९६७ मध्ये ते विरुधुनगरला उभे राहिले आणि द्रमुकच्या पी. सीनिवासन या तरुण विद्यार्थी नेत्याकडून १,२८५ मतांनी पडले. राज्यातून काँग्रेस गेली ती आजवर स्वतःच्या बळावर परत आलेली नाही. या पराभवाची कारणे भाषा, भाव आणि तांदूळ अशी सांगितली जातात आणि ती खरी आहेत. पण आणखी एक कारण आहे. बारा-तेरा वर्षांत खेड्यापाड्यांतून शिकून एक पिढी बाहेर पडली होती. तिला वर्तमानपत्र वाचता येत होते, सभेतले तमिळ गद्य आणि पडद्यावरचे संवाद तिला भिडत होते, आणि तिच्या अपेक्षा तिच्या आईबापांपेक्षा फार मोठ्या होत्या. तिला द्यायला १९६७ च्या काँग्रेसकडे काही नवे नव्हते. कामराजांना हे उमजले असावे, कारण पराभवानंतर मतदारांवर त्यांनी राग धरला नाही.

१९६९ मध्ये पक्ष फुटला आणि ते इंदिरा गांधींच्या विरुद्ध, संघटना काँग्रेसमध्ये राहिले. १९७१ मध्ये, काळाची गती पाहा, त्यांनी राजाजींच्या स्वतंत्र पक्षाशी हातमिळवणी करून द्रमुकविरुद्ध निवडणूक लढवली. तीस वर्षांच्या भांडणानंतरची ही मैत्री कोणाच्या कामी आली नाही. आणीबाणी त्यांना मनापासून नापसंत होती. ती लागू असतानाच, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, ते गेले. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न देण्यात आले.

त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. सुब्रह्मण्यम आणि वेंकटरामन यांनी आठवणी लिहिल्या, सुंदरवडिवेलूंनी लिहिल्या, पण ज्याच्याबद्दल सगळे लिहितात त्याचा स्वतःचा शब्द आपल्याजवळ भाषणांपुरताच आहे. त्यामुळे कामराजांबद्दल दंतकथा फार झाल्या. गुराखी मुलाशी झालेला संवाद, आईला मोजून पाठवलेले पैसे, मागे ठेवलेली थोडकी पुंजी, या गोष्टी तामिळनाडूत घरोघर सांगितल्या जातात. मुंबईतही धारावीच्या तमिळ वस्तीत त्यांच्या नावाची शाळा आहे आणि तिथेही त्या सांगितल्या जात असणार. या पुस्तकात त्या दंतकथा म्हणूनच आल्या आहेत. त्यांचा साधेपणा खरा होता, पण केवळ साधेपणाने राज्य चालत नाही. या पुस्तकाला त्यांचे कारभाराचे शहाणपण अधिक महत्त्वाचे वाटले आहे.

शेवटी एका मतदारसंघाविषयी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत त्रावणकोर-कोचीनमधले तमिळ तालुके मद्रासमध्ये आले आणि कन्याकुमारी जिल्हा झाला. देवीकुलम आणि पीरमेडू हे तालुके कामराजांना मिळवता आले नाहीत, त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. कन्याकुमारी मात्र आली. हा जिल्हा म्हणजेच जुने दक्षिण त्रावणकोर, जिथे नाडार स्त्रियांनी कापडासाठी लढा दिला होता. विरुधुनगरने नाकारल्यावर जानेवारी १९६९ च्या पोटनिवडणुकीत याच जिल्ह्यातल्या नागरकोइलने कामराजांना लोकसभेवर पाठवले. दोन वर्षांनी इंदिरा गांधींची लाट आली. द्रमुक तिच्या बरोबर होता. त्या निवडणुकीत संघटना काँग्रेसला अख्ख्या तामिळनाडूत लोकसभेची एकच जागा मिळाली. ती नागरकोइलची होती.